न दिसलेल्यांची मोजदाद

एखादी वस्तू आहे असे सांगणे सोपे असते. ती नाही असे सांगण्यास अधिकार लागतो. आमच्या दर्शनकारांनी ह्या दुसऱ्या गोष्टीवर पुष्कळ खल केला आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द आणि अर्थापत्ती ह्या पाच प्रमाणांच्या पंक्तीस अनुपलब्धी नावाचे सहावे प्रमाण बसविले. जमिनीवर घट नाही हे कशावरून कळले? तर तो दिसत नाही म्हणून. परंतु एवढ्यावर ते थांबले नाहीत. ही अनुपलब्धी 'योग्य' असली पाहिजे, अशी अट त्यांनी घातली. घट तेथे असता तर तो दिसलाच असता, इतका उजेड आणि इतकी मोकळी जागा असेल, तरच न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते. अंधाऱ्या कोठीघरात डोकावून 'येथे घट नाही' असे म्हणणाऱ्याचे बोलणे प्रमाण धरीत नाहीत.

पाठशाळेत घोकलेला हा घट पुढे केव्हातरी पेंचच्या अरण्यात नेऊन ठेवावा लागेल, असे आम्हांस त्या वयात कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो. परंतु आमच्या धाकट्या बंधूंच्या नातीने वन्यजीवशास्त्राचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला, त्यातील अरण्यात करावयाच्या अभ्यासाची हकीकत ती घरी येऊन सांगू लागली, आणि दोनचार दिवसांतच आमच्या ध्यानात आले की ह्या मुलीच्या विद्येचा बराच मोठा भाग त्या 'योग्य' ह्या एका शब्दावर उभा आहे. वाघ दिसला नाही ह्याचा अर्थ वाघ नव्हता, की वाघ होता पण आम्हांस दिसला नाही? ह्या दोहोंतील अंतर आकड्यांत मांडता येणे, हेच त्या शिक्षणाचे मर्म होय. आमच्यासारख्या घरांतून ह्या विद्येविषयी फारच थोडी माहिती असते, आणि जी असते तीही दूरचित्रवाणीवरील चित्रांवरून आलेली असते. यास्तव तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

आपल्या देशात ही विद्या पद्धतशीर शिकविण्यास फार काळ लोटलेला नाही. डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्था १९८२ साली निघाली. बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात ह्या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम २००४ साली सुरू झाला. तत्पूर्वी शिकारी, वनाधिकारी आणि छंदिष्ट पक्षिनिरीक्षक हेच अरण्याचे पंडित होते, आणि त्यांतील काही खरोखर थोर होते. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेची दफ्तरे अशाच माणसांनी भरली. आमच्या विदर्भापुरते बोलावयाचे तर कै. मारुती चितमपल्ली ह्यांनी वनखात्याच्या नोकरीत आयुष्य घालवून नवेगाव, नागझिरा, मेळघाट येथील जे पाहिले ते मराठीत आणून ठेविले. त्यांच्या मागे संस्कृताचे अध्ययन होते, ही गोष्ट आमच्यासारख्यांस विशेष आनंदाची वाटते. २०२५ साली ते निवर्तले. परंतु वर्षानुवर्षे अरण्यात राहून डोळा तयार करणे ही एक साधना, आणि दहा माणसांनी दहा ठिकाणी केलेली मोजणी एकमेकींशी ताडून पाहता यावी अशी रीत बसविणे ही दुसरी. ह्या दुसरीस शिक्षण लागते.

अशिक्षित मोजणी कशी होते, ह्याचा अनुभव नागपूरकरांपैकी पुष्कळांस असेल. वैशाखी पौर्णिमेच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या, रात्री अरण्यातील पाणवठ्यांजवळ मचाणांवर बसून येणारी जनावरे टिपण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पूर्वी तीस प्रगणना म्हणत; हल्ली वनखाते तीस 'निसर्गानुभव' म्हणते, आणि हे नाव अधिक प्रामाणिक आहे. नोकरीत असताना आम्हीही एक रात्र अशा मचाणावर काढली. पहाटेपर्यंत कागदावर बेचाळीस चितळे, नऊ रानडुकरे आणि एक अस्वल अशी नोंद झाली. चांदणे सुंदर होते. परंतु ती बेचाळीस चितळे बेचाळीस होती, की चौदाच चितळे तीन वेळा पाण्यावर आली होती? दुसऱ्या डबक्यावर पाणी पिणारी किती? आमच्या अंगास लावलेल्या डासांच्या मलमाचा वास लागून झाडीतूनच माघारी फिरलेली किती? आणि पुढल्या वर्षी वळवाचा पाऊस होऊन रानोरान पाणी साचले व मचाणापुढे पंधराच चितळे आली, तर सत्तावीस चितळे मेली असे लिहावयाचे काय? अनुभव म्हणून ती रात्र अमोल. गणना म्हणून तिचे मोल फार थोडे.

नातीच्या शिक्षकांनी पहिल्या महिन्यात विद्यार्थ्यांस अरण्यात पाऊलसुद्धा टाकू दिले नाही. आधी प्रश्न लिहून आणा, असे त्यांचे सांगणे. 'मला बिबळ्याचा अभ्यास करावयाचा आहे' हा प्रश्न नव्हे. 'गावालगतच्या उसात राहणारा बिबळ्या आणि अरण्यातील बिबळ्या ह्यांच्या आहारात पाळीव जनावरांचे प्रमाण वेगळे आहे काय' हा प्रश्न झाला. प्रश्न ठरला की मग कोणती गोष्ट मोजावयाची, किती ठिकाणी, किती वेळा, आणि कोणत्या उत्तराने आपले अनुमान खोटे ठरेल, हे आधीच कागदावर उतरवावयाचे. आमच्या न्यायशास्त्रात वादास बसण्यापूर्वी पक्ष, साध्य आणि हेतू मांडावे लागत. तीच ही शिस्त. पुष्कळ हौशी मंडळी आधी रानात हिंडून वह्या भरतात आणि मग त्या वह्यांतून काय निघते ते शोधीत बसतात. असल्या वह्यांतून काहीही काढता येते, हाच त्यांतील दोष.

आता न दिसलेल्यांची मोजणी होते तरी कशी, हे कळण्यासाठी आमच्या घरी झालेला एक प्रयोग सांगतो. वैशाखातले दिवस होते; माजघरात चिंच फोडण्याचे काम चालले होते आणि चिंचोक्यांनी एक पितळी डबा निम्मा भरला होता. त्यात चिंचोके किती, असा प्रश्न नातीने सर्वांस केला. कोणी हजार सांगितले, कोणी दोनशे. तेव्हा तिने डब्यातून ६० चिंचोके काढून प्रत्येकास चुन्याचे बोट लावले, ते वाळल्यावर परत डब्यात टाकून डबा चांगला हलविला, आणि डोळे मिटून पुन्हा ६० काढले. त्यांत चुना लागलेले १२ निघाले. म्हणजे ज्या डब्यात एकूण ६० चिन्हांकित आहेत, त्यातून काढलेल्या मुठीत पाचवा हिस्सा चिन्हांकित आला. सबब सगळ्या डब्यातही चिन्हांकितांचा हिस्सा पाचवाच असावा, आणि डब्यातील एकूण चिंचोके ३०० असावेत. हे शुद्ध त्रैराशिक होय. मग आमच्या भावजयींनी हट्टाने सगळे मोजले. ३१७ भरले.

ह्या त्रैराशिकाचा इतिहासही मनोरंजक आहे. फ्रान्सची लोकसंख्या घरोघर न फिरता काढण्यासाठी लाप्लास ह्या गणितज्ञाने १८०२ साली ह्याच जातीची युक्ती योजिली होती. पुढे डेन्मार्कच्या पीटरसनने ती समुद्रातील माशांस लावली, आणि १९३० साली अमेरिकेत लिंकनने पायांत कडी घातलेल्या रानबदकांस.

खरी मौज पुढेच आहे. घरातील एका पोराने तोच प्रयोग डबा न हलविता केला. चुन्याचे चिंचोके वरच टाकलेले. त्याने वरचेच ६० काढले. त्यांत ३६ चुन्याचे आले आणि उत्तर निघाले १००. गणित बरोबर, हिशेब बरोबर, आणि उत्तर सत्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी! "मोठे आजोबा," नात म्हणाली, "आमचे सगळे शिक्षण डबा हलविण्याचे आहे. गुणाकार तर यंत्रही करते." अरण्यात डबा हलविता येत नाही. एखादी वाघीण पिलांमुळे एकाच नाल्यात राहते, एखादा नर सगळ्या वाटा तुडवितो, एखादे जनावर एकदा चमकलेल्या प्रकाशास बुजून तो मार्गच सोडते. ह्या प्रत्येकास उत्तर आधी योजून ठेवावे लागते.

वाघांच्या बाबतीत हे शहाणपण येण्यास आपल्या देशास मोठी किंमत द्यावी लागली. ओरिसातील वनाधिकारी सरोजराज चौधरी ह्यांनी पायाच्या ठशांवरून वाघ ओळखण्याची रीत १९६० च्या दशकात बसविली. काचेवर ठसा गिरवावयाचा, कागदावर उतरवावयाचा, आणि प्रत्येक ठसा कोणत्या वाघाचा हे ठरवावयाचे. १९७२ साली ह्या रीतीने देशभर गणना होऊन १,८२७ वाघ निघाले, आणि पुढल्याच वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. आमचे मेळघाट पहिल्या नऊ क्षेत्रांत होते. चौधरी मोठे जाणते पुरुष होते, आणि त्यांच्या हातातील ठसा पुष्कळ काही बोलत असेल. परंतु तोच वाघ ओल्या मातीत एक ठसा उमटवितो, धुळीत दुसरा, चढावर तिसरा. हजारो माणसांच्या हाती ती रीत गेल्यावर एका वाघाचे तीन होणे आणि तीन वाघांचा एक होणे हे दोन्ही घडू लागले. शिवाय ह्या मोजणीत 'न दिसलेले' असा रकानाच नव्हता. प्रत्येक वाघाचा ठसा सापडलाच पाहिजे, असे गृहीत धरलेले होते. राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री डझनाहून अधिक वाघ नांदत असता २००५ साली असे उघड झाले की तेथे एकही वाघ उरलेला नाही. चोरट्या शिकाऱ्यांनी केव्हाच सर्व संपविले होते. वाघ नाहीसे झाले तरी आकडे काही काळ जगत राहिले. मध्यप्रदेशातील पन्ना येथेही पुढे चारपाच वर्षांत तीच गत झाली. ज्यांच्या रक्षणासाठी गावे उठविली, गुरे चारण्याची बंदी केली, त्यांची ही कथा आहे; हा केवळ पंडितांचा वाद होता असे कोणी समजू नये.

दुसरी वाट तोवर दाखविली गेली होती. कर्नाटकातील डॉ. उल्लास कारंत हे मूळचे यंत्र अभियंते. त्यांनी नागरहोळेच्या अरण्यात १९९० च्या दशकाच्या आरंभी वाटेच्या दोन्ही अंगांस कॅमेरे बांधले. जनावर समोरून गेले की छायाचित्र आपोआप निघते. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या अंगठ्याप्रमाणे प्रत्येकाचे निराळे, म्हणजे चुन्याचे बोट निसर्गानेच लावून ठेविलेले! डाव्या कुशीचे पट्टे उजवीसारखे नसतात म्हणून कॅमेरे दोन. पहिल्या काही रात्रींत कोणते वाघ आले, पुढील रात्रींत त्यांपैकी कोणते पुन्हा आले, आणि नवे कोणते, ह्यावरून न आलेल्यांचा अंदाज निघतो. कारंत आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ निकोल्स ह्यांनी १९९८ साली चार अरण्यांचे आकडे प्रसिद्ध केले, त्यांत आमच्या शेजारचे, मध्यप्रदेशाच्या हद्दीतील पेंच होते. तेथे शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे चार वाघ निघाले, तर कान्ह्यात सुमारे बारा.

२००६ पासून देशाची गणना ठसे सोडून नव्या रीतीने होऊ लागली, आणि आकडा १,४११ वर आला, तेव्हा अनेकांस धक्का बसला. २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले, ३,४८,५८,६२३ छायाचित्रे निघाली आणि त्यांत वाघांची होती ७६,६५१. पट्टे जुळवून पाहता वेगवेगळे वाघ भरले २,४६१. तरी सरकारने जाहीर केलेला अंदाज होता २,९६७. वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ विचारतात की हे वरचे पाचशे वाघ आणले कोठून? ते चिंचोक्यांच्या डब्यातून आणले! त्यांचे अस्तित्व पुन्हा पुन्हा दिसलेल्यांच्या प्रमाणावरून, आणि जेथे कॅमेरे पोचले नाहीत तेथील खुणा व भक्ष्य ह्यांवरून काढलेले आहे. आणि ह्या अंदाजासोबत २,६०३ पासून ३,३४६ पर्यंत अशी मर्यादाही छापलेली आहे. आकड्याबरोबर आपल्या अज्ञानाचे मापही सांगणारा हिशेबनीस आम्हांस अधिक विश्वासू वाटतो. २०२२ साली हाच अंदाज ३,६८२ झाला.

चितळ, सांबर, गवा, रोही ह्यांच्या अंगावर अंगठ्याची खूण नसते. निदान माणसास ती वाचता येत नाही. त्यांच्यासाठी निराळी रीत आहे, आणि ती आम्हांस सर्वांत सुंदर वाटते. अरण्यातून सुमारे दोन किलोमीटरांची सरळ रेघ आखतात. तीस ट्रान्सेक्ट म्हणतात. पहाटे उजाडताच दोघे जण तीवरून सावकाश चालतात. कळप दिसला की दुर्बिणीसारख्या यंत्राने त्याचे अंतर आणि होकायंत्राने त्याचा कोन टिपतात. त्या अंतरास कोनाच्या ज्येने गुणले की कळप रेघेपासून काटकोनात किती दूर होता ते निघते. येथे एक विषयांतर क्षम्य व्हावे. ज्यास इंग्रजी शाळांतून साइन म्हणतात ती आर्यभटाची ज्या. अरबांनी तिचे जीबा केले, पुढे त्याच अक्षरांचे जैब असे वाचन होऊन अर्थ झाला वस्त्राची घडी, आणि लॅटिन भाषांतरकारांनी त्या घडीचे सायनस केले. नातीच्या वहीत रोज पहाटे हा शब्द आपल्या जन्मभूमीच्या रानात परत येतो!

असो. रेघेवरील जनावर सहसा चुकत नाही. दहा मीटरांवरील क्वचित चुकते. साठ मीटरांवरील बहुधा झाडीत लपून राहते. शेकडो नोंदी झाल्यावर अंतर वाढेल तसतसे दर्शन कसे कमी होत जाते ह्याचा उतार कागदावर काढता येतो, आणि त्या उतारावरून किती जनावरे नजरेतून निसटली ते सांगता येते. 'योग्य' अनुपलब्धीस अंशांशाने मोजणारे हे मापच नव्हे काय? मीमांसकांस उपलब्धी होती किंवा नव्हती. ह्या लोकांनी तीस रुपयाआणेपैंसारखी मोडून दाखविली.

रेघ सरळच का, असा प्रश्न आम्ही केला होता. पेंचच्या बाहेरील अरण्यात नातीचे काम चालू असता आम्ही एकदा नाक्यापर्यंत गेलो होतो. पुढे जाणे आमच्या गुडघ्यांस झेपणारे नव्हते. तेथील गोंड वनमजुराने उत्तर दिले, "रेघ म्हंजे रेघ, गुरुजी. काटा आला तं काट्यातून, नाला आला तं नाल्यातून." त्याचे कारण असे की माणसास सोयीची वाट ही जनावरासही काही अर्थाची असते. सडकेच्या कडेस कोवळे गवत असते, तेथे चितळे अधिक. मोटारींची वर्दळ असेल तेथे सांबर कमी. सडकेवरून मोजणारा अरण्य मोजीत नाही, सडक मोजतो. उलट वाघ वाटेनेच चालतो, म्हणून त्याचे कॅमेरे मुद्दाम वाटेवर बांधावयाचे. एकाच अरण्यात प्रश्न बदलला की उभे राहण्याची जागा बदलते. त्या वनमजुरास शाळा फारशी लाभलेली नव्हती. परंतु भेकर ओरडले की जनावर कोणत्या अंगास गेले हे तो चालता चालता सांगे, आणि नातीच्या वहीतील निम्म्या नोंदी त्याच्या डोळ्यांनी झालेल्या होत्या. अशा माणसांची नावे ह्या लोकांच्या निबंधांत बहुधा शेवटच्या आभारांत येतात. ती वर यावयास हवीत, असे आमचे मत आहे.

नोंदीचा विषय निघाला म्हणून रानपिंगळ्याची गोष्ट सांगणे भाग आहे. हे एक लहानसे घुबड, आणि घुबड असून दिवसा वावरणारे. १८७० च्या दशकात ते शास्त्रास कळले, आणि १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणास मिळाला नाही. मात्र ब्रिटिश संग्रहालयात कर्नल माइनर्ट्झहेगन ह्यांचा एक नमुना होता, त्यावरील चिठ्ठीत गुजरातेतील मांडवी आणि १९१४ साल लिहिलेले. ती चिठ्ठी प्रमाण मानून शोध करणारे गुजरातेकडे पाहत राहिले. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन ह्यांनी तो नमुना तपासला तेव्हा असे निष्पन्न झाले की तो चोरीचा होता; १८८० च्या दशकात खानदेशात मुलकी अधिकारी असलेल्या डेव्हिडसनने मिळविलेला पक्षी उसवून पुन्हा शिवला होता आणि त्यास खोटी चिठ्ठी बांधली होती. तेव्हा मांडवीचे नाव पुसून, ज्या जागा निर्विवाद होत्या त्यांवरच त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी शोध केला. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळच्या रानात, ११३ वर्षांनी, रानपिंगळा भर सकाळी झाडावर बसलेला दिसला. पुढे तो मेळघाटातही सापडला. एका चिठ्ठीवरील दोन शब्दांनी एवढा अंधार पाडला. नातीच्या शिक्षणात वहीचे पान संध्याकाळी त्याच दिवशी भरणे, खोडल्यास एक रेघ मारून मूळ अक्षर वाचता येईल असे ठेवणे, आणि जेथे काही दिसले नाही तेथे रकाना कोरा न सोडता शून्य लिहिणे, ह्यांवर फार कटाक्ष होता. कोरा रकाना म्हणजे पाहिले नाही. शून्य म्हणजे पाहिले, आणि दिसले नाही.

माणसाच्या न दिसण्याचे एक नवलाचे उदाहरण आमच्या विदर्भातीलच आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ पट्टा बांधण्यात आला. तो नऊ महिन्यांत सुमारे ३,००० किलोमीटर चालून, तेलंगणातून फिरून, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन राहिला. वाटेत शेते, सडका, वस्त्या. एवढा मोठा प्राणी एवढ्या गावांच्या शिवारांतून गेला, आणि बहुतेकांस त्याचा पत्ताही लागला नाही. पट्टा नसता तर ह्या भागांत वाघ फिरकत नाही, असेच सर्वांनी शपथेवर सांगितले असते.

नागपूर–शिवनी रस्त्याने जाणाऱ्या वाचकांनी पेंचच्या हद्दीत उंच पूल पाहिले असतील. जनावरांस खालून जाता यावे म्हणून असे नऊ पूल व भुयारी मार्ग तेथे बांधले आहेत, आणि २०१९ साली त्यांखाली कॅमेरे लावून पाहिले तेव्हा वाघासह अठरा जातींची रानजनावरे त्यांतून ये-जा करताना आढळली. हे आनंदाचेच आहे. परंतु नातीपुढे त्या छायाचित्रांची स्तुती करताच तिने विचारले, पुलापर्यंत येऊन माघारी फिरलेल्यांचे छायाचित्र कोठे आहे? रस्ता रुंद होण्यापूर्वी किती जात होती? आणि रस्ता नाही अशा शेजारच्या रानात त्याच काळात किती फिरत होती? तुलनेस काही असल्यावाचून 'उपयोग झाला' हे वाक्य पुरे होत नाही, असे तिचे म्हणणे. घरात ह्यावर थोडा वाद झाला. चांगल्या कामास नावे ठेवण्याची ही सवय बरी नव्हे, असे बंधू म्हणाले. आम्हांस मात्र पुढील पूल कोठे आणि किती रुंद बांधावा हे ठरविणाऱ्यास तिचे प्रश्न अधिक उपयोगी पडतील असे वाटले.

ह्या शिक्षणास घरातून विरोध झाला नाही असे नाही. मुलगी रानात, परक्या माणसांबरोबर, रात्रीबेरात्री. नोकरी म्हणावी तर दोन दोन वर्षांच्या प्रकल्पांची, पगार बेताचा. हे आक्षेप खोटे नाहीत आणि आम्ही ते खोडून काढीत नाही. आजीने तर पहिल्या वर्षी रोज संध्याकाळी तिचा फोन येईपर्यंत पान वाढून घेतले नाही. अस्वल हे वाघाहून वाईट, हे आजीस कोणी सांगितले कोणास ठाऊक. ते खरेच आहे, आणि रेघेवर चालणाऱ्यांस पहिल्या दिवशी तेच शिकवितात.

हल्ली तिचे काम अरण्याच्या कडेच्या गावांत आहे. रानडुकरे आणि रोही हरभऱ्याचे व तुरीचे किती नुकसान करतात, आणि कोणत्या कुंपणाने ते किती टळते, हा प्रश्न. सगळी शेते मोजणे अशक्य, म्हणून गावच्या सातबाऱ्यावरील गट क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकून साठ शेते निवडली. जे शेतकरी आपण होऊन बोलावितात त्यांचीच शेते घेतली तर नुकसान फुगते, आणि रस्त्यालगतची घेतली तर ते आटते. चिठ्ठ्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सर्वांदेखत काढल्या. ज्याची चार एकर तूर आदल्याच आठवड्यात डुकरांनी लोळवून टाकली होती, त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा क्रमांक निघाला नाही. तो ओट्याजवळ उभा राहून म्हणाला, "पोरी, ज्याच्या वावरात कायी झालं नाही त्याचं मोजतेस, अन् माझं नाही?"

तिने त्यास चिंचोक्यांची गोष्ट सांगितली नाही. वनखात्याकडे भरपाईसाठी पंचनामा मागण्याचा अर्ज तिने स्वतः लिहून दिला, त्याच्या शेतावर जाऊन लोळलेल्या तुरीची मापे घेतली, आणि ती एका निराळ्या वहीत लिहिली. त्या साठांच्या तक्त्यात ती मापे येणार नाहीत; तशी ती आली तर तक्ताच निकामी होईल. ती वही तिने आम्हांस दाखविली. आतापर्यंत तीत अकरा शेतकऱ्यांची नावे झाली आहेत, आणि तिचे काय करावयाचे हे तिने आपल्या मार्गदर्शकांस लिहून विचारले आहे. उत्तर अद्याप यावयाचे आहे.